चुलीपासून वीतभर

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे किडे निवडायचं. रविवारची सकाळ होती, थंडी होती, आणि उंबऱ्यापाशी ऊन आलं होतं तिथं बायको पाय पसरून बसली होती. मांडीवर इनॅमलचं पांढरं ताट. ताटात नाल्याचा चिखल पाण्यात कालवलेला, आणि त्या चिखलात वळवळणारे लाल किडे. रक्तासारखे लाल, शेवईसारखे बारीक, करंगळीच्या पेराएवढे. ती कोंबडीच्या पिसानं एकेक उचलायची आणि दोन वाट्यांत टाकायची. बारीक मानेचा एका वाटीत, जाड मानेचा दुसरीत. मी शेजारी बसून चिखलावर तांब्यानं पाणी सोडत होतो. मला तेवढंच जमायचं.

वास काय सांगू. कारखान्यांच्या मागचा नाला. त्यात संडासाचं पाणी, साबणाचं पाणी, कुठल्या तरी कंपनीचं तेल. सडलेलं अंडं नाकाखाली धरल्यासारखं. सात वर्षं तो वास आमच्या गोधडीत होता, भाकरीत होता. चाळीतली माणसं आमच्या दारावरून जाताना तोंड फिरवायची आणि मला त्यांचं काही चुकतंय असं वाटायचं नाही. मलाही ओकारी यायची. फक्त मी ती गिळायला शिकलो होतो.

"उद्या बाईला कसलं पायजेत?" तिनं विचारलं.

"जाडे. प्रयोगशाळेत वीसेक लागतील म्हणाल्या."

"आज जाडे चारच हायेत. ऱ्हाऊ द्या, रातच्याला चुलीशी ठिवते, सकाळपातूर व्हतील." दोन-चार किडे टाकून झाल्यावर मान वर न करता म्हणाली, "आन् मला कवा दावणार?"

"काय?"

"ते फुगल्यालं सूत."

"बघू. पुढच्या आठवड्यात."

"तुमचा पुढचा आठवडा लई लांब ऱ्हातो. चाकणच्याबी पल्याड."

एवढं बोलून ती हसली आणि निवडत राहिली. मग राखेनं हात घासले, भाकऱ्या टाकल्या, पिठलं केलं. आम्ही जेवलो. "जरा पडते," म्हणाली. चहाच्या वेळेला उठवायला गेलो तर ती गेलेली होती.

आता हे किडे आमच्या घरात कसे आले ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

पानशेत फुटलं त्याच्या दुसऱ्या वर्षी मी गाव सोडून पिंपरीला आलो. चौथी शिकलेला. गावात आमच्या वाट्याला मेलेली ढोरं ओढायचं काम होतं. आम्ही धर्म बदलला तेव्हा बापानं ते काम सोडलं आणि मला सांगितलं, कुणाची घाण उचलायची नाही, उपाशी राहिलास तरी चालेल. मी कंपनीत माल चढवला-उतरवला, मशीन पुसली, ओव्हरटाइम केला. बायको चाकणच्या बाजूची. लग्नाआधी ती तिथल्या मार्केटात कांदा निवडायला जायची. आम्हाला मूलबाळ झालं नाही. दुष्काळ संपता संपता कंपनीनं माणसं कमी केली आणि मी रिकामा झालो. तेव्हा कुणीतरी सांगितलं, शेडांच्या रांगेत एक छोटी प्रयोगशाळा निघाली आहे, किड्यांवरचं औषध शोधतात, माणूस पाहिजे.

तिथं एक बाई होत्या. पुण्याहून यायच्या, जाड भिंगाचा चष्मा, बोलायला सरळ. त्यांनी मला विचारलं, "मामा, नाल्यात उतराल का?" बापाचं बोलणं डोक्यात होतं. मी म्हणालो, "उतरतो." पहिल्या दिवशी गुडघाभर चिखलात उभा राहून मी बापाच्या नावानं रडलो, डोळे पुसले आणि त्याच हातानं बादली भरली. अजून ते आठवलं की स्वतःची किळस येते.

बाईंना नुसते किडे नको होते, निवडलेले पाहिजे होते. हा किडा चिखलात वाढतो, मग कोश करतो, मग त्याचं चिलट होतं. चावत नाही, नुसतं दिव्याभोवती मरतं. कोश करायची वेळ जवळ आली की त्याच्या डोक्यामागचा भाग सुजतो. बाईंना सुजलेले वेगळे आणि न सुजलेले वेगळे पाहिजेत. मी भिंग घेऊन बसलो. तासाभरात डोळ्यांना पाणी. मला सगळे सारखेच दिसायचे. बाई म्हणाल्या, "मामा, हे सगळे मिसळलेत. महिनाभर बघू, नाहीतर दुसरा माणूस घ्यावा लागेल."

मी बादली घरी नेली. तिनं आधी शिव्या घातल्या. "गावची घान सोडून आलो, आन् आता बादलीत घालून घरात आनतोय व्हय?" मग बराच वेळ बादलीकडे बघत बसली. मग एक किडा बोटावर घेतला. "ह्याची मान जाड हाय," म्हणाली. "कांद्यावानी. जाड मानेचा कांदा टिकत न्हाई, त्यो कडंला काढायचा असतो. ह्यात काय अवघड हाय?"

अर्ध्या तासात बादली निवडून झाली. मी दुसऱ्या दिवशी दोन वाट्या घेऊन गेलो. बाईंनी भिंगातून बघितलं आणि म्हणाल्या, "वा, मामा. नजर बसली तुमची."

तिथं मी खरं सांगायला पाहिजे होतं. नाही सांगितलं. पहिल्या दिवशी नोकरीच्या भीतीनं, आणि पुढं कौतुकाच्या चटकेनं. बाई पाहुण्यांना सांगायच्या, आमच्या मामांसारखी नजर कुणाची नाही. मला कायम केलं ते त्या नजरेवर. घरी येऊन मी तिला सगळं सांगायचो, ती खूश व्हायची. तिला कौतुक नको होतं. तिला एकच पाहिजे होतं, आपण निवडलेल्या किड्याच्या आत काय असतं ते एकदा बघायचं.

आत काय असतं ते मला बाईंनी सांगितलं होतं. मी काचा धूत उभा असायचो आणि त्या काम करता करता बोलायच्या. दोन सुया घ्यायच्या, एकीनं किड्याचं अंग दाबायचं, दुसरीनं डोकं ओढायचं. डोक्यासोबत लाळेच्या दोन गाठी बाहेर येतात, काचेसारख्या. उरलेलं अंग बशीत वळवळत राहायचं. मला ते बघवायचं नाही. बाई जांभळट रंग घालायच्या, वर पातळ काच ठेवून अंगठ्यानं चिरडायच्या, आणि बारीक वस्तू मोठी दाखवणाऱ्या यंत्राखाली धरायच्या.

त्या गाठीत सूत असतं. माणसात, ढोरात, झाडात सगळ्यात असतं, पण दिसत नाही इतकं बारीक. या किड्याच्या लाळेत मात्र एकाला एक चिकटून हजारो सुतांचा दोर होतो, म्हणून दिसतो. त्यावर काळे-पांढरे पट्टे. किड्यानं काय काय व्हायचं ते सगळं त्या सुतावर लिहिलेलं. अळीचं लिहिलंय, कोशाचं लिहिलंय, चिलटाच्या पंखांचंही लिहिलंय. पहिल्या दिवसापासून सगळं आहे. मी विचारलं, मग अळीला पंख का नसतात? बाई म्हणाल्या, "लिहिलेलं आहे, पण गुंडाळून ठेवलंय. सूत घट्ट आवळलेलं असतं. नव्या लुगड्याला खळ असते ना, घडी मोडत नाही, तसं समजा. घडीच्या आतलं वाचता येत नाही."

मग डोक्याजवळच्या एका गाठीतून रस सुटतो. हार्मोन म्हणतात. एवढासा थेंब, रक्तातून अंगभर जातो. तो पोचला की सुतावर ठरलेल्या जागीच खळ सुटते, घडी सैल होते, आणि तेवढाच भाग फुगतो. फुगलेल्या जागी जे लिहिलंय तेवढं वाचलं जातं, शरीर तसं करायला लागतं. पहिली जागा अर्ध्या तासाच्या आत फुगते. त्या वाचण्यातून पुढच्या जागांना निरोप जातो, त्या तासांनी उघडतात, आणि तोवर पहिली परत मिटते. आधी काय, मग काय, सगळं ठरलेलं. दुसराही एक रस असतो, लहानपण टिकवणारा. तो आहे तोवर अळी अळीच राहते. औषधवाल्या कंपनीला तोच पाहिजे होता, किडीला म्हातारी होऊ द्यायची नाही, पोर ठेवूनच मारायची. हे ऐकून मला माणसाच्या डोक्याचीही किळस आली होती.

बाई काय करायच्या, तर न सुजलेल्या किड्याला काचेच्या केसाएवढ्या नळीनं तो रस टोचायच्या आणि बघायच्या, फुगा वेळेआधी येतो का. यायचा. आणि ताळा म्हणून आपले आपण सुजलेले किडे घ्यायच्या. म्हणून निवड चुकून चालायची नाही. एक जाड मानेचा बारक्यांत मिसळला तर सगळं वाया.

मी हे जमेल तसं घरी सांगितलं. ती भाकरी थापत ऐकत होती. म्हणाली, "म्हंजी कांदाच की. वखारीत गप पडून ऱ्हातो, ऊब लागली की कोंब काढतो. कोंब काय बाहेरनं येतो व्हय?"

आणि दुसऱ्या दिवसापासून तिनं स्वतःच एक गोष्ट सुरू केली. थंडीत किडे आळसायचे, सुजायचे नाहीत. ज्यांची मान भरत आली आहे असे निवडून ती वाटी रात्री चुलीपाशी ठेवायची. विझलेल्या चुलीची ऊब. फार जवळ ठेवलं की मरायचे, लांब ठेवलं की तसेच राहायचे. चुलीपासून वीतभर, तिची वीत. सकाळी बाईंना पाहिजे तितके तयार. बाई म्हणायच्या, "मामा, तुम्हाला कसं कळतं कुठला कधी सुजणार?" मी म्हणायचो, "सवय, बाई."

एकदा ती स्वतःच आली. मी चार वेळा उद्या-परवा केलं होतं, म्हणून एका शनिवारी सणाचं लुगडं नेसून, डोक्याला तेल लावून, ती शेडच्या दारात उभी राहिली. त्या दिवशी मुंबईहून मोठे साहेब आले होते. बाई त्यांना घेऊन दारातूनच चालल्या होत्या. तिला बघून थांबल्या. "मामा, या कोण?"

साहेबांनी मघाशीच बाईंकडून माझ्या नजरेचं कौतुक ऐकलं होतं. माझ्या तोंडून निघालं, "नाल्यावरची बाई हाय. चिखल आणून देती."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग डोक्यावरचा पदर नीट केला आणि बाईंना म्हणाली, "व्हय बाई. चिखल आनते." बाई मान हलवून आत गेल्या. ती परत फिरली. मी गेटपर्यंतही गेलो नाही.

संध्याकाळी घरी गेलो तर लुगडं घडी करून पेटीत ठेवलेलं, आणि ती साध्या पातळात बसून किडे निवडत होती. मला वाटलं भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. जेवताना म्हणाली, "मी इचार करत व्हते. माणसाचं सूतबी तसलंच असतं म्हणता न्हवं?"

"बाई म्हणतात तसं."

"मग तुमच्यात खरं बोलायचं लिवल्यालं असंल कुठंतरी. नुसतं फुगत न्हाई, येवढंच."

तिनं माझ्या ताटात आणखी कालवण वाढलं. तो विषय तिनं परत काढला नाही. मधूनमधून "कवा दावणार" एवढं विचारायची, आणि मी पुढचा आठवडा सांगायचो.

त्या रविवारी दुपारी बायका जमल्या. शेजारीण पहिली आली, बाकीच्या तिच्या मागून. कुणी रडत होतं, कुणी पदर नाकाला लावून होतं, आणि मला दोन्हीचा राग आला. मी तिच्याजवळ बसलो होतो. मला तिच्या नखांत नाल्याचा काळा चिखल दिसला. राखेनं घासूनही राहिलेला. मी काडी घेतली आणि एकेक नख साफ केलं. दहाही. बायका म्हणाल्या, मामा सरका, आम्ही आंघोळ घालतो. मी म्हणालो, आधी एवढं होऊ द्या. याच चिखलाचं नाव घेऊन मी तिला चिखलवाली केली होती.

शेजारणीचं लक्ष वाट्यांकडे गेलं. "अवो मामा, हे किडं आधी बाहेर फेका. माणूस गेलंय घरात, आन् हे काय वळवळतंय."

"वाटीला हात लावायचा नाही," मी म्हणालो.

"न्हाई लावत बाबा. कोन लावतंय."

मी दोन्ही वाट्या उचलून फडताळावर ठेवल्या. अंधार पडायच्या आत नदीकाठी उरकलं. घरी आलो तर शेजारणीनं भाकरी आणि बेसन आणून ठेवलं होतं. ज्या घरातलं माणूस गेलं तिथं चूल पेटवायची नाही. भिंतीवर बुद्धाची तसबीर लावली, देव बासनात बांधून नदीत सोडले, तरी चुलीची रीत काही घरातून गेली नव्हती. मलाही चूल पेटवायचं सुचलं नाही. मी त्या थंड चुलीशेजारी पडलो. वाट्या फडताळावरच होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो, तोंड धुतलं, वाट्या खाली घेतल्या, वर फडकं बांधलं आणि कामावर गेलो. कुणी म्हणेल, बायको जाऊन एक रात्र झाली आणि हा कामावर गेला. गेलो. घरात बसून त्या बायकांचं ऐकण्यापेक्षा नाला बरा.

बाईंनी फडकं सोडलं, भिंग लावलं. एक वाटी बघितली, दुसरी बघितली, परत पहिली बघितली.

"मामा, तयार चारच आहेत. मी वीस सांगितले होते. बाकी सगळे आहेत तसेच. काय झालं?"

थंडी फार होती, असं म्हणता आलं असतं. तोंडात आलंही होतं. सात वर्षांची सवय.

मी म्हणालो, "बाई, काल रात्री चूल पेटली नाही."

"चुलीचा काय संबंध?"

"चुलीच्या उबेनं सुजतात ते. वाटी चुलीपासून वीतभर ठेवायची असते. ठेवणारी काल दुपारी गेली. माझी मालकीण." बाई उठायला लागल्या, मी हातानं खुणावून बसवलं. "ऐकून घ्या, मग मला सुचायचं नाही. मान मला कधीच दिसली नाही. पहिल्या दिवसापासून निवड तिची. चुलीची अक्कलही तिचीच. मी फक्त वाट्या आणल्या."

बाईंनी भिंग खाली ठेवलं. वाट्यांत किडे वळवळत होते.

"शेडच्या दारात एक बाई आल्या होत्या," त्या म्हणाल्या. "चिखलवाल्या म्हणालात तुम्ही."

"तीच."

"मामा, तुम्ही फार वाईट केलंत."

"व्हय."

त्यांनी कपाटातून वह्या काढल्या. सात वह्या. प्रत्येक पानावर वरच्या कोपऱ्यात, निवड कुणी केली तिथं माझं नाव. बाईंनी पेन उघडलं आणि विचारलं, "त्यांचं नाव काय?" मी सांगितलं. लग्नानंतर मी ते मोठ्यानं कधी घेतलं नव्हतं. बाईंनी पहिलं पान उघडलं, माझ्या नावावर रेघ मारली आणि बाजूला तिचं लिहिलं. मग दुसरं पान. सगळी पानं काही त्या सकाळी झाली नाहीत, पण पहिली वही झाली.

मग मी म्हणालो, "बाई, मला ते दाखवा. तिला बघायचं होतं."

त्यांनी एक बारीक मानेचा किडा घेतला, रस टोचला आणि पाण्यात सोडला. "अर्धा तास लागेल," म्हणाल्या. मी स्टुलावर बसलो. त्या वह्या करत राहिल्या. मी त्या किड्याकडे बघत राहिलो आणि तो मला पहिल्या दिवसाइतकाच घाण वाटला. वेळ झाल्यावर त्यांनी डोकं ओढलं, गाठ काढली, रंग, काच, अंगठा. यंत्राचं चाक फिरवून त्यांनी मला जागा दिली.

आधी नुसतं धुकं. मग दिसलं. गांडुळासारखे वळलेले पट्ट्यापट्ट्यांचे दोर, आणि एका दोरावर एका जागी पट्टे विस्कटलेले, पिंजलेल्या कापसासारखा गोळा. बाकी सगळीकडे घट्ट, तेवढ्याच जागी सैल.

"दिसला फुगा?"

"दिसला."

बाई आणखी काही सांगत होत्या. एवढंसं होतं. यासाठी तिनं लुगडं नेसलं होतं. शेडच्या दारापासून यंत्रापर्यंत वीस पावलंही नव्हती.

मी उरलेल्या किड्यांची वाटी मागून घेतली आणि घरी आलो. अजून दुपार झाली नव्हती. मागच्या पडवीत काटक्या होत्या, तिनंच मोडून ठेवलेल्या. मी चूल पेटवली. धूर बघून शेजारीण आली, कंबरेवर हात ठेवून दारात उभी राहिली.

"मामा, आज चूल पेटवत नसत्यात."

"माहीत आहे."

"मग? भाकरी आनली असती की मी."

"भाकरीसाठी नाही."

ती परत गेली. मी आग विझू दिली, निखारे राखेखाली सारले. मग हात जमिनीवर टेकून माप घेतलं. माझी वीत तिच्यापेक्षा मोठी, म्हणून दोन बोटं आत घेतली. तिथं वाटी ठेवली.